ड्यूटी संपताना: हॉस्पिसमधील परिचारिकेने स्वतःच्या शुश्रूषेचा दर्जा कसा जोखावा

हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरीला पोहोचलेल्या रुग्णांची शुश्रूषा होते अशा ठिकाणी, काम करणाऱ्या परिचारिकेला ‘तुमच्याकडची शुश्रूषा कशी आहे?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. पाहुण्यांसमोर किंवा तपासणीच्या वेळी ती म्हणते, ‘आम्ही आमच्या परीने सगळे करतो.’ कपडे बदलण्याच्या खोलीत मात्र तीच म्हणते, ‘आज काहीच धड झाले नाही.’ दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात. पण पहिले तिच्या कष्टांविषयी असते, दुसरे तिच्या थकव्याविषयी, आणि ज्याची शुश्रूषा झाली त्या माणसाविषयी दोहोंतून फारसे काही कळत नाही.

येथे सांगितलेली पद्धत मी रात्रपाळी करताना हळूहळू बनवत गेले. तिला लागते एक छोटी वही, ड्यूटी संपताना दहा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा केसपेपर उघडून बसण्याची तयारी. तिच्यामागचा विचार इतकाच, की ‘माझा दिवस कसा गेला’ हे न विचारता ‘रुग्णाचे तास कसे गेले’ हे विचारावे. ऐकायला हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण त्यांची उत्तरे पुष्कळदा उलटी येतात. धावपळीचा, चिडचिडीचा, दोन घास पोटात न गेलेला दिवस एखाद्या रुग्णाच्या दृष्टीने फार चांगला गेलेला असू शकतो, आणि ‘शांत होती’ अशी ज्या रात्रीची नोंद झाली त्याच रात्री कुणी तरी तीन तास कण्हत पडलेले असू शकते.

आधी काय मोजायचे ते ठरवावे

आरोग्यसेवेच्या दर्जाविषयी लिहिताना अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगे मांडली, आणि ती आजही वापरली जातात. रचना म्हणजे माणसे, खाटा, औषधांचा साठा, सिरिंज पंप. प्रक्रिया म्हणजे आपण प्रत्यक्षात केलेले काम. आणि परिणाम म्हणजे त्या कामातून रुग्णाचे काय झाले ते. इतर रुग्णालयांत परिणाम ओळखणे त्या मानाने सोपे असते, कारण रुग्ण बरा होऊन घरी जातो किंवा जात नाही. हॉस्पिसमध्ये मृत्यू हा अपयशाचा आकडा नसल्याने परिणाम कुठे पाहायचा हेच मुळात ठरवावे लागते. ते ठरवले नाही, तर परिचारिका नकळत रचनेविषयी बोलत राहते (‘आज दोघी कमी होतो’) किंवा प्रक्रियेविषयी (‘सगळ्यांची औषधे वेळेवर झाली’), आणि परिणामाची जागा रिकामी राहते.

सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू होण्यापूर्वीच त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली होती: शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घरच्यांची चिंता आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून त्यांपैकी एकाचाच इलाज केला की दुखणे पुरते हटत नाही. ही कल्पना भाषणात सुंदर वाटते; ड्यूटीवर ती वापरायची, तर तिचे साधे प्रश्न करावे लागतात. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चारच आहेत. आज या माणसाचा त्रास किती वेळ टिकला? त्याला स्वतःला काय हवे आहे हे कुणी विचारले का, आणि त्यातले काय झाले? तोंड, कातडी आणि पोट यांची निगा राहिली का? जवळच्या माणसाला पुढे काय होणार आहे हे समजेल अशा शब्दांत सांगितले गेले का? प्रत्येक रुग्णाला चारही प्रश्न रोज लावायची गरज नाही. ड्यूटीवरील एकच रुग्ण निवडावा, आणि शक्यतो असा निवडावा, की ज्याच्याविषयी पुढच्या पाळीला हँडओव्हर देताना आपल्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

‘दिले’ आणि ‘उतरले’ यांमधील वेळ

एका रात्रीची नोंद मला पाठ आहे. हाडांपर्यंत पसरलेल्या कर्करोगाचे एक वयस्क रुग्ण होते. ‘२.१०, कमरेत दुखते, ७/१०, मॉर्फिन तोंडावाटे दिले’ अशी माझ्या अक्षरातील ओळ, आणि तिच्याखाली थेट ‘६.००, झोपले आहेत’. ड्यूटी चांगली झाली असे समजून मी घरी गेले. त्यांच्या पत्नीने नंतर सकाळच्या सिस्टरला सांगितले, की साडेचारपर्यंत ते उशीचा कोपरा मुठीत आवळून पडले होते. त्या बेल वाजवायला निघाल्या, तेव्हा ‘औषध दिलेय ना त्यांनी, आता परत कशाला त्रास’ म्हणून रुग्णानेच अडवले. माझ्या नोंदीत खोटे असे काहीच नव्हते. फक्त २.१० ते ६.०० या वेळात तो माणूस कागदावर कुठेच नव्हता.

तोंडावाटे दिलेल्या साध्या, म्हणजे सावकाश न विरघळणाऱ्या, मॉर्फिनचा परिणाम अर्ध्या तासाच्या आत-बाहेर जाणवू लागतो आणि साधारण तासाभरात पूर्ण होतो. त्वचेखाली दिल्यास तो त्याहून लवकर होतो. म्हणजे डोस तोंडावाटे दिला असल्यास पाऊण ते एक तासाने, आणि त्वचेखाली दिला असल्यास अर्ध्या तासाने खाटेजवळ जाऊन पुन्हा विचारल्याशिवाय तो उपयोगी पडला की नाही हे सांगता येत नाही. आपल्या शुश्रूषेचा दर्जा जोखण्यासाठी एकच गोष्ट मोजायला सवड असेल, तर ही मोजावी, असे माझे मत आहे.

मोजण्याची रीत अशी. आठवड्यातून एकदा कोणतेही पाच केसपेपर घ्यावेत, त्यांतील ठरलेल्या वेळेबाहेर दिलेला प्रत्येक जादा डोस शोधावा आणि त्याच्यापुढे तीन वेळा लिहाव्यात: रुग्णाने त्रास सांगितला ती, औषध पोटात गेले ती, आणि त्रास उतरल्याची नोंद झाली ती. तिसरी जागा बऱ्याच वेळा रिकामी राहील. ती अंदाजाने भरू नये, कारण जे शोधायला आपण बसलो आहोत ते त्या रिकाम्या जागेतच आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत अंतर पडले असेल, तर ते कशात गेले हे पाहावे. औषधाच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर होती, डोससाठी लागणारी दुसरी सही करायला कुणी मोकळे नव्हते, की जादा डोस डॉक्टरांनी लिहूनच ठेवलेला नव्हता? हे शेवटचे कारण सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत सहज दूर होते. मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठीचा डोस साधारणपणे दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या एक-दशांश ते एक-षष्ठांश इतका ठेवतात. तो किती असावा हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, पण तो लिहिलेला आहे की नाही हे संध्याकाळी सातलाच पाहून घेणे पूर्णपणे परिचारिकेच्या हातात असते. त्याच वेळी मॉर्फिनबरोबर रेचक सुरू झाले आहे का आणि पोट शेवटचे कधी साफ झाले, हेही पाहावे. वेदना ताब्यात आली म्हणून समाधान मानलेला रुग्ण पाचव्या दिवशी तुंबलेल्या पोटाने तळमळतो, आणि ती तळमळ कुणी शुश्रूषेच्या खात्यावर मांडत नाही.

आपला अंदाज तपासण्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. कॅनडातील एडमंटन येथे १९९१ मध्ये तयार झालेली लक्षणसूची अनेक ठिकाणी वापरतात. तिच्यात वेदना, थकवा, मळमळ, धाप, चिंता अशा प्रत्येक लक्षणाला रुग्ण ० ते १० यांपैकी आकडा देतो. रुग्णाला विचारण्यापूर्वी आपल्याला काय वाटते तो आकडा वहीत लिहावा, मग विचारावे आणि त्याचा आकडा शेजारी मांडावा. अशा वीसेक जोड्या जमल्या, की आपली नजर कुठे चुकते ते दिसू लागते. माझी चूक अशी निघाली, की जे रुग्ण हसून ‘या सिस्टर’ म्हणत, त्यांची वेदना मी नेहमी दोन-तीन घरांनी कमी धरत असे. अनुभवाने नजर तयार होते हे खरेच आहे, पण नजर चुकीची तयार झाली असेल, तर तीही अनुभवानेच पक्की होते.

जो सांगू शकत नाही

स्मृतिभ्रंश झालेला, ग्लानीत गेलेला किंवा अखेरच्या दिवसांतील रुग्ण आकडा देत नाही, आणि हॉस्पिसमधील शुश्रूषेचा बराचसा भाग याच अवस्थेत होतो. प्रगत स्मृतिभ्रंशासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोजपट्टी श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना ० ते २ असे गुण देते. ती वापरताना एक पथ्य पाळावे: रुग्ण स्वस्थ पडलेला असताना गुण न देता कूस बदलताना किंवा जखमेची पट्टी बदलताना द्यावेत. हलवल्यावर कपाळाला आठी पडत असेल, तर स्वस्थ पडलेल्या चेहऱ्यावरून काढलेला शून्य खोटा ठरतो. अशा रुग्णाला हलवण्याआधी पुरेशा वेळेपूर्वी डोस दिला होता का, हा मग जोखण्याचा मुद्दा होतो.

श्वासाबरोबर घशात होणारी घरघर हा वेगळा प्रश्न आहे. शुद्ध हरपलेल्या रुग्णाला तिचा त्रास बहुधा होत नाही, पण खाटेशेजारी बसलेल्यांना तो आवाज सोसवत नाही, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या कानात राहतो तो हाच. म्हणून येथे दर्जा पाहायचा तो आवाज थांबला का यावरून नव्हे. तो सुरू होण्याआधी जवळच्यांना त्याविषयी सांगितले होते का, आणि डोके उंच करून किंवा कुशीवर वळवून पाहिले का, यावरून पाहावा.

राहून गेलेले आणि टाळलेले

अमेरिकेतील परिचारिकांच्या गटांशी बोलून बिॲट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये रुग्णालयांत नेहमी राहून जाणाऱ्या कामांची यादी मांडली. कूस बदलणे, भरवणे, स्वच्छता आणि धीर देणे ही कामे तिच्यात होती. ज्या कामाची सही लागते ते होते. ज्याची लागत नाही ते उद्यावर जाते. हॉस्पिसमध्ये उद्या असेलच असे नाही.

तोंडाची निगा हे याचे उत्तम उदाहरण आहे. पाणी गिळता न येणाऱ्या रुग्णाचे ओठ पाहावेत: त्यांवर पापुद्रा धरला आहे का, जीभ टाळूला चिकटते का, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेली लाळ आहे का, गालाच्या आत पांढरे चट्टे आहेत का. ओला स्पंज फिरवून ओठांना मलम लावायला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि ते दर एक-दोन तासांनी करावे लागते. आपल्या पाळीची शुश्रूषा कशी झाली हे पटकन जाणून घ्यायचे असेल, तर चार्ट उघडण्याआधी टॉर्च घेऊन तीन रुग्णांची तोंडे पाहावीत.

वहीत राहून गेलेले काम लिहिताना त्याच्यापुढे कारणाचा एकच शब्द लिहावा: वेळ, साधन, सुचले नाही, किंवा टाळले. पहिले तीन शब्द लिहायला सोपे जातात. चौथ्यासाठी थोडे धैर्य लागते. प्रत्येक वॉर्डात एक अशी खोली असते, की जिच्यात परिचारिका शेवटी जाते आणि लवकर बाहेर येते. कधी तेथे प्रत्येक गोष्टीचा जाब विचारणारा मुलगा असतो, कधी चेहऱ्यावरील जखमेचा वास असतो, कधी रुग्ण आपल्याच वयाचा असतो आणि ‘मी मरणार आहे का?’ हे सरळ विचारतो. अशा खोलीत औषधे चुकत नाहीत. चुकते ते बसणे. एका आठवड्यात आपण कोणत्या खोलीत खुर्ची ओढून बसलोच नाही, याची नोंद ठेवली तर ते उघड होते, आणि मग ती खोली दोघींनी वाटून घेण्याची विनंती करण्यात कमीपणा वाटत नाही.

‘वेळ’ आणि ‘साधन’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले, तर तो दोष स्वतःच्या माथी घेऊ नये. काय करणे योग्य आहे हे माहीत असूनही संस्थेच्या अडचणींमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणाऱ्या तगमगीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश असे नाव दिले. हॉस्पिसमध्ये ही तगमग फार लवकर ‘मीच वाईट नर्स आहे’ असे रूप घेते. तारीख, वेळ, रुग्णसंख्या आणि राहिलेले काम यांची चार आठवड्यांची यादी प्रमुखांसमोर ठेवली, तर तिच्याविषयी बोलता तरी येते. नुसत्या तगमगीविषयी कुणालाच काही ठरवता येत नाही.

आणखी एक सावधगिरी: ज्याच्याशी जीव जडला होता असा रुग्ण गेला, त्या दिवशी स्वतःच्या कामाला गुण देऊ नयेत. फक्त घडले ते लिहावे आणि तीन दिवसांनी वाचावे.

नातेवाइकांचे बोलणे कसे ऐकावे

आभाराचे पत्र जपून ठेवावे, पण ते पुरावा म्हणून वापरू नये. ज्यांचे माणूस नुकतेच गेले आहे, ते दयाळूपणाबद्दल आभार मानतात, आणि तो दयाळूपणा खरा असूनही वेदना तीन तास टिकलेली असू शकते. अमेरिकेत २०१५ पासून हॉस्पिसमधील रुग्णांच्या कुटुंबीयांना मृत्यूनंतर काही काळाने प्रश्नावली पाठवली जाते. हाक दिल्यावर मदत वेळेवर मिळाली का, वेदनेवर पुरेसा उपाय झाला का, पुढे काय होईल हे समजावले का, असे नेमके प्रश्न तिच्यात असतात. परिचारिकेने असेच नेमके प्रश्न विचारावेत, मात्र रुग्ण हयात असतानाच, म्हणजे उत्तरावर काही करता येते. ‘सगळे ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तरच नसते. त्याऐवजी ‘कालपासून यांना सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला?’ आणि ‘आम्हाला हाक मारावीशी वाटली आणि मारली नाही, असे कधी झाले का?’ हे विचारावे. दुसरा प्रश्न मी त्या २.१० च्या नोंदीनंतर विचारू लागले.

चौकटीतील खुणांविषयी थोडेसे

इंग्लंडमध्ये हॉस्पिसची चांगली रीत सर्वसाधारण रुग्णालयांत नेण्यासाठी १९९०च्या दशकात लिव्हरपूल केअर पाथवे ही कार्यपद्धती तयार झाली. २०१३ च्या स्वतंत्र समितीने ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. अनेक ठिकाणी माणसाकडे पाहण्याऐवजी कागदावर खुणा करण्यापुरती ती उरली होती, आणि कुटुंबीयांशी बोलणेही झाले नव्हते. पद्धत बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्या वहीचेही असे होऊ शकते. प्रत्येक पानावर चारही प्रश्नांना तीच ती उत्तरे दिसू लागली, की महिनाभर ती बंद ठेवावी आणि फक्त टॉर्च घेऊन फिरावे.

मृत्यूनंतरची बैठक

रुग्ण गेल्यावर आठवडाभरात त्याच्या शुश्रूषेत असलेल्यांनी पंधरा-वीस मिनिटे एकत्र बसावे. ज्या मदतनीसाने अंग पुसले त्यालाही बोलवावे. पाठीवरची लाली, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची पहिली खूण, सर्वांत आधी त्याला दिसलेली असते आणि त्याला कुणी विचारलेले नसते. ‘कुणाचे चुकले’ येथून सुरुवात न करता शेवटच्या ४८ तासांची वेळेनुसार उजळणी करावी आणि कोणत्या तासात त्रास आटोक्याबाहेर होता, त्या वेळी आपल्याला काय माहीत होते आणि काय हाताशी नव्हते, एवढेच पाहावे. एका बैठकीतून एकच बदल ठरवावा. चार ठरवले तर एकही होत नाही.

वहीत रुग्णाचे नाव लिहू नये आणि ती केसपेपरमध्येही ठेवू नये. तिच्यात सापडलेली औषधाची चूक मात्र वहीत दडवायची नसते. ती संस्थेच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी कळवावी.

ही पद्धत सुरू करण्याआधी एक गोष्ट प्रमुख परिचारिकेच्या कानावर घालून ठेवावी. पहिल्या दोन महिन्यांत कागद पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागेल. पूर्वी जेथे ‘२.१०, दिले’ आणि ‘६.००, झोपले आहेत’ एवढेच होते, तेथे आता ‘२.१०, ७/१०, दिले. ३.००, ५/१०, अजून दुखते, डॉक्टरांना फोन. ३.१५, दुसरा डोस. ४.००, २/१०, पाणी मागितले, ओठ ओले केले’ असे लिहिलेले असेल, आणि वरवर चाळणाऱ्याला त्या रात्री वॉर्डात गडबड झाली असे वाटेल.